लोहकरे बाईंच्या नऊ फळ्या

पाऊण मिनिटाचा तो व्हिडिओ मी काढलाय. त्यामुळं सगळे मलाच विचारतात, की त्यातल्या त्या बारक्या, पांढऱ्या केसांच्या बाई कोण, आणि एवढ्या मोठ्या माणसाला भर उन्हात चारचौघांत तसं का बोलल्या. एकानं तर खाली लिहिलंय, ‘समोरच्याच्या वयाचा तरी मान ठेवायचा.’ अहो, बाई त्या माणसापेक्षा सहा महिन्यांनी मोठ्या आहेत. हे मला बाईंनीच सांगितलं होतं, आणि अशा आवाजात सांगितलं होतं की त्या त्याला ते सहा महिनेसुद्धा सोडणार नाहीत.

तर एकदाच सगळं टाइप करून टाकते. मोठं होईल, पण वाचा.

लोहकरे बाई शिनोलीजवळच्या एका शाळेत चित्रकला शिकवायच्या. मी तिथं दोन वर्षं कॉन्ट्रॅक्टवर कॉम्प्युटर शिकवायला होते. मी निमगाव सावाची, म्हणजे सपाट रानातली, कांदा-उसातली. डोंगराकडची माणसं मला माहीतच नव्हती. पहिल्याच आठवड्यात मी एक्स्टेन्शन बोर्ड शोधायला बाईंचं लोखंडी कपाट उघडलं, तर आत चपला. आख्ख्या नाहीत, रबरी चपलांचे नुसते तळ. पट्टे काढलेले, धुऊन-पुसून ओळीनं उभे केलेले, आणि प्रत्येकावर एकेक तोंड कोरलेलं. नाकं, मिशा, दात, सगळं.

मागून बाई आल्या. मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी शांतपणे एक तळ उचलला.

“हा कंडक्टर. मला फळी घिऊन येष्टीत चढू दिलं न्हाई. हा ब्यांकेतला. सही करता का अंगठा, म्हनला. ही माझी चुलती, हिचं सांगाय बसले तर तुझा तास बुडंल.”

“बाई, हे छापता तुम्ही?”

“कशाला? कापतानाच निम्मं काम व्हतं. नाकापाशी पटाशी नेली की बरं वाटतं.”

लोक म्हणायचे बाई रागीट आहेत. मला ते पटलं नाही कधी. रागीट माणूस आरडाओरडा करतो, भांडं आपटतो आणि संध्याकाळी विसरून जातो. बाईंचा आवाज मी दोन वर्षांत एकदाही चढलेला ऐकला नाही. त्या राग साठवून ठेवायच्या, हळद-मिरची साठवतात ना तसा, कोरड्या जागी, झाकण घट्ट लावून. आणि मधूनमधून उघडून बघायच्या, अजून आहे ना वास.

आमचे मुख्याध्यापक डिंगोऱ्याचे. माणूस वाईट नाही, पण एका वर्षी त्यांनी चित्रकलेचे सगळे तास काढून गणिताला दिले. स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेचं मुखपृष्ठ नेहमी बाईंच्या ठशाचं असायचं, त्यांनी ते वेळेत दिलं. चित्रात एक बोकड, मास्तरांच्या टेबलावर पुढचे पाय ठेवून पोरांच्या वह्या खातोय. सरांना इतकं आवडलं की त्यांनी स्वतः गावभर वाटलं. ‘लई जिवंत बोकड काढलाय बाईंनी,’ असं दोन-तीनदा म्हणाले. बोकडाचा चष्मा नाकाच्या टोकावर घसरलेला होता आणि कानामागं पेन खोचलेलं होतं. सरांना ते घरी गेल्यावर त्यांच्या मिसेसनी दाखवलं. सोमवारी चित्रकलेचे तास परत आले. सर स्टाफरूममध्ये बाईंना म्हणाले, “बाई, तोंडानं सांगितलं असतं तरी चाललं असतं.”

“तोंडानं तीनदा सांगितलं व्हतं, सर. तुमाला चित्रातलं लवकर कळतं.”

आता हे वाचून वाटेल की बाई म्हणजे गमतीदार शाळामास्तरीण. तसं नाही. बाईंचं खरं काम लाकडावरचं. शाळेत निम्म्या लोकांना पत्ता नव्हता, पण बाईंचे छापे मुंबईत, दिल्लीत लागलेत, एकदा परदेशातही. पाइपलाइनचा पाइप असतो ना शेतातला, त्याच्या तुकड्यात चित्रं गुंडाळून, दोन्ही तोंडांना फडकं बांधून, त्या येष्टीनं जायच्या आणि सोमवारी पहिल्या तासाला हजर. कुठं गेला होता विचारलं की “गावाला.”

त्या कशा छापायच्या ते मी त्यांच्या पडवीत बसून बघितलंय. शिवणीच्या लाकडाची फळी. त्यावर चित्र कोरायचं, म्हणजे जे छापायचं ते ठेवायचं आणि बाकीचं खोदून काढायचं. शाई विकतची नाही. त्यांच्याकडच्या बायका रानातून हिरडा गोळा करून विकतात, तोच हिरडा कुटून गंजक्या खिळ्यांबरोबर भिजत घालायच्या. काही दिवसांत असा काळा रंग उतरतो की बोटांवरून आठवडाभर जात नाही. त्यात भाताची पेज. फळीवर शाई लावली की वर कागद टाकायचा आणि नारळाच्या करवंटीनं पाठीमागून घासत बसायचं. तासभरसुद्धा. मग कागद एका कोपऱ्यातून उचलायचा. तेव्हा बाई श्वास घ्यायच्या नाहीत.

पोरांना त्या पहिल्या दिवशी काय करायला लावायच्या माहितीये? चपलेच्या तळावर स्वतःचं नाव कोरायचं आणि छापायचं. पोरं सरळ कोरायची, छापलं की नाव उलटं. सगळा वर्ग हसायचा. मग बाई सांगायच्या, “फळीवर जे डावीकडं, ते कागदावर उजवीकडं जातं. म्हनून छापनारा फळीवर आधी उलटं काढतो, म्हंजी कागदावर सुलटं येतं. सगळ्या कॉलेजात हेच शिकिवत्यात.”

छापायला मशीन असतं, मोठ्या रुळांचं. बाईंकडं नव्हतं. घेण्याची ऐपत होती, दोनदा लोकांनी देऊ केलं होतं. मी विचारलं तर म्हणाल्या, “यंत्र ज्याचं, त्याच्या ताब्यात फळी जाती.” बस, एवढंच. मला तेव्हा कळलं नाही.

एकदा मुंबईहून एक मॅडम आल्या होत्या गाडी करून, बाईंची चित्रं प्रदर्शनाला न्यायला. बाईंनी त्यांना नाचणीची भाकरी, पिठलं खाऊ घातलं, सगळे छापे पसरून दाखवले. मॅडम एकदम खूश. जाता जाता म्हणाल्या, तुमच्या कामात मला पुण्याच्या त्या अमुक सरांचा प्रभाव दिसतो. बाईंनी त्यांच्या हातातला छापा काढून घेतला. ओढला नाही, अलगद काढून घेतला, जसं पोराच्या हातातून कात्री काढून घेतात.

“च्या घेतला ना तुमी? मग निघा. घाटात धुकं पडतं.”

दुपारचे दोन वाजले होते आणि एप्रिल होता.

त्या ‘अमुक सरांचं’ नाव मी लिहिणार नाही. बाईंनी ते माझ्यासमोर कधी घेतलं नाही, मी कशाला घेऊ. बाई त्याला पावणा म्हणायच्या. पुण्याचा पावणा. कपाटातल्या चपलांत तो नव्हता. “त्याला चपलेवर कापून भागत न्हाई,” असं एकदा म्हणाल्या होत्या.

मग मार्चमध्ये स्टाफरूममध्ये पेपर आला, आणि त्यात पावण्याचा फोटो. मोठा सत्कार झालेला, शाल, नारळ. मागं भिंतीवर त्याचं प्रसिद्ध चित्र. एक बाई उंबऱ्यात बसलीये, मांडीवर सूप. खाली लिहिलेलं, ‘बुडालेलं गाव’ या गाजलेल्या मालिकेतलं नववं चित्र, ‘अनामिक स्त्री’. बाईंनी ब्लेड घेतलं, फोटो चौकोनी कापला आणि टेबलाच्या काचेखाली सरकवला. मग मला म्हणाल्या, “पोरी, ती अनामिक न्हाई. सोनाबाई लोहकरे. माझी आई हाय ती.”

आणि मग सांगितलं. मी जसं ऐकलं तसं लिहिते.

बाईंचं जुनं गाव धरणात गेलं. तेव्हा त्या पुण्याला चित्रकलेच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होत्या, डोंगरातून गेलेली पहिली पोरगी. शेवटच्या उन्हाळ्यात घरी आल्या तर लोक आपापली घरं उतरवत होते. कौलं, वासे, दारं, बैलगाडीत घालून नव्या जागी न्यायचे. बाईंनी वडलांकडून घरातल्या माळ्याच्या नऊ फळ्या मागून घेतल्या. शिवणीच्या, धुरानं काळ्या झालेल्या. आणि महिनाभर गावात एकेका जागी बसून, समोर जे दिसतंय ते थेट फळीवर कोरलं. देवळाची गल्ली, विहीर, चक्की, नदीचा उतार. असं आठ फळ्यांवर गाव आणि नवव्या फळीवर आई.

“कागदावर काढलंच न्हाई आधी?”

“न्हाई. आन उलटं पन काढलं न्हाई. सरळ कापलं, दिसतं तसं. मला कागदाशी घेणंच नव्हतं गं. गाव जानार व्हतं. मला फळीवर गाव पायजे व्हतं. फळी भितीला टेकवली की गल्ली जिथल्या तिथं दिसली पायजे.”

पुण्याला गेल्यावर वर्गातला एक मुलगा म्हणाला, माझ्या ओळखीनं प्रेस मिळेल, एकेक छापा तरी काढून बघू. बाईंनी फळ्या दिल्या. त्याच आठवड्यात घरून निरोप आला, आई गेली. बाई गावाला आल्या ते नव्या जागेत वडलांना, भावंडांना सांभाळण्यात दीड वर्ष गेलं. परत गेल्या तर तो म्हणाला, अगं वाळवी लागली, जाळून टाकाव्या लागल्या. बाई तिथं रडल्या, त्याच्याच समोर. त्यानं पाणी आणून दिलं. “त्यानं पाणी दिलं आन मी पिले,” हे बाई दरवेळी सांगायच्या, फळ्यांपेक्षा जास्त ते त्यांना लागलं होतं बहुतेक.

आणि मग काही वर्षांनी पेपरात त्याची मालिका. नऊ चित्रं. त्यानं गावात राहून, लोकांत बसून काढली म्हणे. बाई भावाला घेऊन पुण्याला गेल्या. त्यानं चारचौघांत विचारलं, “तुझ्याकडं काही पुरावा आहे का, कमल?” पुरावा कुठून असणार. फोटो नाहीत, कागद नाही, आणि गावच पाण्याखाली. गावातली माणसं तर पुण्याच्या प्रदर्शनात जाऊन बघण्यातली नव्हती. त्यानं हे सगळं बरोबर जोखलं होतं.

“मग तुम्ही इतकी वर्षं काय केलं?”

“त्याला वर चढू दिलं,” बाई म्हणाल्या. “खालून पडलेल्याला कोन बघतं?”

ऐका, हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला होता. वाईट वाटून नाही. मला वाटलं, माझ्यात एवढा दम असता तर मी पण असंच केलं असतं. छत्तीस वर्षं. आणि त्या छत्तीस वर्षांत नोकरी केली, भावंडांची लग्नं केली, स्वतःचं नाव कमावलं ते पण मशीनशिवाय, करवंटीनं. आणि एवढं सगळं करून त्यांना हवं काय होतं तर फक्त नऊ फळ्या. पैसे नकोत, नाव नको, फळ्या. त्यातली नववी आधी. आईचा एक फोटो नव्हता त्यांच्याकडं.

एप्रिलच्या शेवटी बाई माझ्याकडं आल्या. “कॉम्प्युटरवाली, येक पत्र टाइप करायचंय. तू चांगलं लिहितीस.” यंदा धरणात पाणी खूपच खाली गेलं होतं. जुन्या गावाच्या पायऱ्या, भिंतींचे दगड वर आले होते, मासेमारी करणाऱ्या पोरांनी बाईंना सांगितलं होतं.

पत्र बाईंनी उभ्यानं सांगितलं, चेहऱ्यावरची रेघ न हलवता. “लिही. आदरनीय सर. आपन आमच्या गावाला अमर केलं. गावकऱ्यांनी आपली चित्रं अजून डोळं भरून बघितल्याली न्हाईत. ह्या मे महिन्यात गाव पान्याभायेर आलंय. आपन ज्या जागी बसून चित्रं काढली, ती जागा सोता दाखवावी, ही हात जोडून इनंती.”

“बाई, हात जोडून?”

“लिही की. पत्रात जोडायला काय जातंय?”

खाली सही बबनतात्यांची घेतली. तात्या म्हणजे जुन्या गावातले चक्कीवाले, पंच्याऐंशीच्या पुढचे, कानानं कमी पण जिभेनं नाही. पावण्याचं उत्तर चौथ्या दिवशी आलं. आनंदानं येतो. विद्यार्थ्यांना पण आणतो, त्यांनाही शिकायला मिळेल.

आला. दोन गाड्या, दहा-बारा विद्यार्थी, पेपरवाले दोघं. कुरता, टोपी, गळ्यात मफलर. मे महिन्यात मफलर. बाईंना बघून म्हणाला, “अरे, कमल. तू इकडंच असतेस का? आमच्या वर्गात होती बरं का ही.” विद्यार्थी ‘वा’ म्हणाले. बाईंनी नमस्कार केला आणि गावातल्या बायकांत जाऊन उभ्या राहिल्या. सगळ्यात मागं.

धरणाच्या पोटात चालत जायचं म्हणजे भेगा पडलेला गाळ, मधेमधे दगडांच्या रांगा. आपल्याला सगळे दगड सारखेच दिसतात. पण जुन्या गावची माणसं अशी चालत होती की जणू गल्लीतून चाललीत. एक आजी एका मोकळ्या जागेला वळसा घालून गेली. मी विचारलं का, तर म्हणे, “हितं पाटलाचा गोठा व्हता.”

पहिल्या चित्राचं मोठं फ्लेक्स करून आणलं होतं, दोन पोरांनी धरलं. देवळाची गल्ली. पावणा एका दगडावर चढला आणि बोलायला लागला. बोलतो छान, खोटं कशाला बोलू. म्हणाला, मी याच जागी महिनाभर बसलो. इथला एकेक दगड माझ्या हाताला पाठ आहे. आजही डोळे मिटले की मला दिसतं. आणि खरंच डोळे मिटले त्यानं, आणि हात पसरले. “उजव्या हाताला देऊळ. डाव्या हाताला विहीर, आणि विहिरीला लागून चक्की.”

चित्रात तसंच होतं. अगदी बरोबर तसंच.

गर्दीत कुजबुज सुरू झाली. बबनतात्या काठी टेकत पुढं आले.

“सायेब, येक मिनिट. देऊळ कुठं म्हनला?”

“उजवीकडं, आजोबा.”

“उजवीकडं इहीर हाय. तिच्या शेजारी माझी चक्की. पंचवीस वर्सं दळान दळलं मी तितं. तुमच्या हिशेबानं आमी देवाला जायचो म्हंजी इहिरीतच उडी मारायचो का काय?”

बायका हसायला लागल्या. पावणा पण हसला, समजूत घातल्यासारखा. “आजोबा, वय झालं की आठवणी इकडंतिकडं होतात.”

तात्या वळले. उजवीकडं वीस पावलं चालत गेले आणि काठीनं गाळ उकरायला लागले. दोन पोरं मदतीला गेली. गाळाच्या पापुद्र्याखाली दगडी गोल कड निघाली, दोराच्या खाचा पडलेली. विहीर. सगळं गाव बघत होतं. मी मोबाइल काढला. हा तो व्हिडिओ इथून सुरू होतो.

पावण्याचा चेहरा बघा त्यात. पण हुशार माणूस. लगेच म्हणाला, “हो, बरोबर आहे. छापताना चित्र उलटं होतं. डावं उजवीकडं जातं. ही तांत्रिक गोष्ट आहे, तुम्हाला कळणार नाही.”

तेव्हा बाई मागून पुढं आल्या. पदर कमरेला खोचलेला. आवाज नेहमीचाच, पोरांना शिकवतानाचा.

“छापताना उलटं व्हतं हे खरं. पन हितं बसल्याल्या मानसाला सुलटंच दिसतं. तुमी हितं महिनाभर बसला. डोळं मिटून हात केला. त्यो चुकीच्या बाजूला कसा गेला?”

एक विद्यार्थिनी होती, चष्मेवाली, ती हळूच म्हणाली, “सर, तुम्ही तर शिकवता की आपण फळीवर आधी उलटं काढतो. मग छाप्यात सरळ यायला हवं होतं ना?”

“तुमच्या सरांनी तसंच धरलं,” बाई तिला म्हणाल्या, तिच्याचकडं बघत. “फळीवर उलटं असनार, म्हंजी कागदावरचं गाव खरं, असं धरलं. कागद बघून गाव पाठ केलं बिचाऱ्यानं. पन कापनारीनं फळीवरच सुलटं कापलं व्हतं. हितं बसून. माझ्या बापाच्या माळ्याच्या फळ्या हायत त्या.” मग त्याच्याकडं वळल्या, आणि ‘तुमी’वरून ‘तू’वर आल्या. “वाळवी लागली म्हनलास ना? नऊच्या नऊ पायजेत मला. वाळवीसकट.”

व्हिडिओ तिथं संपतो, मी मोबाइल खाली घेतला. पुढं काय झालं विचारतात सगळे. काही नाही झालं. पावणा दगडावरून उतरला, त्याचा पाय गाळात गेला, बूट आत राहिला. विद्यार्थ्यांपैकी कुणी काढायला पुढं झालं नाही. बाईंनी ते सगळं नीट बघितलं. नजर हलवली नाही. पुढच्या महिन्यात तो बूट मी त्यांच्याकडं एका फळीवर कोरलेला बघितला, लेससकट.

व्हिडिओ मी त्याच संध्याकाळी टाकला. ज्या ज्या ग्रुपवर मी आहे त्या सगळ्यांवर टाकला, आणि ज्यांवर नव्हते त्यांवर मैत्रिणींकडून. मला अजिबात वाईट वाटत नाही. त्याच्या विद्यार्थ्यांनीच मग प्रश्न विचारायला सुरुवात केली. आणि जूनमध्ये बाईंच्या दारात एक टेम्पो आला. पत्र नाही, चिठ्ठी नाही. पोत्यात गुंडाळलेल्या फळ्या. ड्रायव्हरला फक्त उतरवून ये म्हणून सांगितलं होतं.

बाईंनी त्या पडवीच्या भिंतीला ओळीनं टेकवल्या. शाईनं काळ्या चकचकीत झालेल्या, पण गाव जिथल्या तिथं. देऊळ डावीकडं, विहीर उजवीकडं. दिवसभर लोक येत राहिले. बबनतात्यांनी चक्कीवर बोट ठेवलं आणि कितीतरी वेळ काढलं नाही. एक म्हातारी तर गल्लीतून चालल्यासारखी बोटानं फळीवर फिरत होती, आणि प्रत्येक दारापाशी थांबून कुणाचं ते सांगत होती. सगळे रडत होते आणि हसत होते. आमचे डिंगोऱ्याचे मुख्याध्यापक पेढे घेऊन आले होते.

बाई मोजत होत्या. मी त्यांच्या शेजारी होते म्हणून मला ऐकू आलं. आठ. परत पहिल्यापासून. आठ.

त्या चष्मेवाल्या मुलीचा नंबर माझ्याकडं होता, मी लगेच फोन लावला. ती म्हणाली, नववी सरांनी स्टुडिओतून घरी नेलीये. ती देत नाहीत. आणि सरांची तब्येत पण बरी नाही, त्या दिवसापासून कुणाला भेटत नाहीत, बाहेर पडत नाहीत, डॉक्टर घरी येतात. मी हे बाईंना सगळ्यांसमोर सांगितलं. सांगायला नको होतं का, माहीत नाही. पण सांगितलं.

मुख्याध्यापक म्हणाले, “बाई, आठ आल्या ना. मान गेला त्याचा, सगळं गेलं. आता आजारी मानूस हाय. सोडून द्या.”

तात्यांनी पण मान डोलावली. बायकासुद्धा म्हणायला लागल्या, जाऊ दे गं कमल, देव बघंल त्याचं. बाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. पेढ्याचा पुडा सरांच्या हातात परत दिला.

“आजारी हाय म्हंजी घरीच घावंल,” म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना शिनोलीच्या स्टॉपवर बघितलं. माझं कॉन्ट्रॅक्ट संपलं होतं, मी सामान घेऊन गावाला निघाले होते. बाईंच्या अंगावर इस्त्रीचं पातळ होतं. बगलेत घडी घातलेली वाकळ, जुन्या पातळांची गोधडी, आणि सुतळीचं बंडल, एक फळी बांधून आणायला लागेल तेवढं. पिशवीत भाकरी, चटणी, पाण्याची बाटली, आणि एक पातळ उशी, पायरीवर बसायला असते तशी. मी म्हणलं, बाई, मी येऊ का सोबत. म्हणाल्या, नको, तू लई लवकर हळवी व्हतीस. मला ते लागलं, पण खरं होतं. मी त्या माणसाच्या आजारपणाचा विचार करत होते आणि त्यांना ते तोंडावर दिसलं असणार.

भीमाशंकरकडून येष्टी आली. बाई पुढच्या दारानं चढल्या, ड्रायव्हर ओळखीचा होता.

“बाई, आज पुन्याला? प्रदर्शन का?”

“न्हाई. येकाला भेटायचंय.”

“मुक्काम किती दिवस?”

बाईंनी वाकळ मांडीवर घेतली, पिशवी पायाशी सरकवली आणि नीट टेकून बसल्या.

“ते त्याच्यावर हाय,” म्हणाल्या.